ओटीवरची हलती तसबीर

२०२२ सालच्या चतुर्थीला डोंबिवलीचे काका घरी आले ते एक खोका घेऊनच. कुडाळ स्टेशनावर उतरल्यापासून देवबागेत आमच्या खळ्यात पाय ठेवीपर्यंत तो खोका त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता. गणपती पाटावर बसला, माटवी सजली, आरत्या झाल्या आणि मग रात्री सर्वांच्या समक्ष काकांनी खोका उघडला. आत दहा इंची डिजिटल फोटो फ्रेम होती. खास आजीसाठी आणलेली.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगते. दिसायला ही साध्या तसबिरीसारखीच चौकट. पण काचेमागे कागद नसतो, मोबाइलला असतो तसा पडदा असतो. चौकटीच्या पोटात फोटो साठवायचे किंवा बाजूच्या खाचेत मेमरी कार्ड घालायचे, वायर प्लगला लावायची, की एकामागून एक फोटो पडद्यावर येत राहतात. वस्तू अगदी नवी नव्हे. परदेशात २००६ ते २००९ च्या सुमारास भेट म्हणून ती पुष्कळ खपली. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि ती मागे पडली. आता मुले एका गावी आणि आईबाप दुसऱ्या गावी, अशा घरांसाठी ती पुन्हा पुढे केली जात आहे. हे वर्णन आपल्या सिंधुदुर्गातल्या किती घरांना लागू पडते, ते मी सांगायला नको.

आजीसाठी ही भेट आणण्यामागे कारण होते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मी शाळेत होते. आमचे गाव म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. त्या दिवशी ओटीवरची कौले उडाली आणि रात्रभर भिंतीवरून पाणी वाहिले. त्याच भिंतीवर आजोबांची तसबीर होती. आजोबा एस.टी.त वाहक होते. गणवेशातला, मालवणच्या बाजारात एका स्टुडिओत काढलेला तो फोटो. त्यांचा एकट्याचा असा तो एकच. दोन दिवसांनी वडिलांनी तसबीर उतरवली तेव्हा फोटो काचेला घट्ट चिकटला होता. वडिलांनी हलक्या हाताने कागद ओढला. कागद आला, चेहरा काचेवर राहिला, आणि तोही वाळता वाळता पापुद्र्यांसारखा सुटून गेला.

नंतर मला कळले की फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की डिंकासारखा काचेला धरतो. अशा वेळी फोटो मुळीच ओढायचा नसतो. काचेसकट, आहे तसा, आधी त्याचा फोटो काढून घ्यायचा असतो. आणि तसबीर करतानाच काच व फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची किनार घातली तर दोघांत थोडे अंतर राहून हा प्रसंगच येत नाही. हे आधी ठाऊक असते तर! पण आमच्या नशिबाने काकांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी सहज गंमत म्हणून त्या तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात काचेवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले आहे. म्हणजे आज आजोबांचा जो एकमेव फोटो शिल्लक आहे, त्यात त्यांच्या कपाळावर आडवी ट्यूबलाइट आहे. तो फोटो आजीला पुन्हा रोज दिसावा, म्हणून काकांनी ही फ्रेम आणली होती.

हेतू इतका चांगला असताना पुढे जे झाले, त्यावरून माझे या वस्तूविषयीचे मत बनले, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख.

काकांनी फ्रेममध्ये सुमारे नऊशे फोटो भरून आणले होते. मुलांचे वाढदिवस, केक, सहली, सोसायटीतली होळी, एकाच समुद्राचे एकाच संध्याकाळचे वीस फोटो. त्यात आजोबांचा एक. प्रत्येक फोटो पाच सेकंद दिसायचा. हिशेब करून पाहा: नऊशे फोटोंना पाच सेकंदांप्रमाणे सव्वा तास लागतो. म्हणजे आजोबा सव्वा तासातून पाच सेकंद भेटणार! त्या रात्री आजी समोर पाट घेऊन बसली. आजोबा आले. तिने पदराने चष्मा पुसला आणि डोळ्यांना लावला, तोवर पडद्यावर केक होता.

"आत्ता हंयच होते मा ते? खय गेले?" आजी म्हणाली. मग स्वतःच हसली, "जित्ते होते तेव्हा पण एका जाग्यार बसत नाय होते, आता फोटोतय तसाच."

सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व निजले असताना मी पाहिले, की आजी त्या फ्रेमसमोर एकटीच बसली आहे. पाहत नव्हती, वाट पाहत होती. भिंतीवरच्या तसबिरीपुढे तिला कधी वाट पाहावी लागली नव्हती. सकाळी केर काढताना, संध्याकाळी दिवा लावताना, येताजाता मान वर केली की माणूस जागेवर असे. नव्या फ्रेमने आजोबांना परत आणले खरे, पण बोलावल्याशिवाय न येणाऱ्या पाहुण्यासारखे. आणि बोलावायचे कसे, ते आजीला येत नव्हते.

माझे म्हणणे असे: डिजिटल फ्रेम ही वाईट वस्तू नव्हे आणि चैनीचीही नव्हे. पण आपण ती चुकीच्या प्रश्नाने विकत घेतो. "किती फोटो मावतात?" हा आपला पहिला प्रश्न असतो. खरा प्रश्न "कोणते फोटो, आणि कुणासाठी?" हा आहे. कोठीत किती तांदूळ मावतो यावरून जेवण कसे होणार ते ठरत नाही.

तरीही वस्तू घ्यायची तर पारखून घ्यावी, म्हणून आमच्या चुकांतून जे शिकले ते सांगते. आमची फ्रेम वायफायवर चालणारी होती. काका डोंबिवलीहून फोटो पाठवतील आणि तो आपोआप देवबागेत दिसेल, अशी योजना. पण आमच्या घरी वायफाय कुठले? माझ्या मोबाइलवरून जोडणी द्यावी तेव्हा फोटो येणार, आणि मी तर दिवसभर कॉलेजात. पुन्हा असे, की हे फोटो थेट येत नाहीत. कुठल्यातरी कंपनीच्या दूरच्या संगणकावरून येतात. ती सेवा कंपनीने बंद केली किंवा तिला पैसे लावले, की आपण काय करणार? २०१४ च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद झाले, तेव्हा ज्यांनी वेळेत फोटो उतरवून घेतले नाहीत त्यांचे ते गेलेच. गूगल फोटोजवर हवे तितके फोटो फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून संपली. या कंपन्या लबाड आहेत असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या पडवीत ठेवलेली आपली पेटी दुसऱ्याच्या सोयीनेच राहणार. म्हणून माझ्या मते आपल्याकडच्या घरांनी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर चालणारी साधी फ्रेमच घ्यावी. ती स्वस्तही पडते. वायफायची घ्यायचीच तर तिला कार्डाची खाच आहे ना, आणि जोडणी नसतानाही आतले फोटो दिसतात ना, एवढे पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट पडद्याची. स्वस्त फ्रेमवर पुष्कळदा १०२४ गुणिले ६०० असा आकडा असतो. म्हणजे सुमारे सहा लाख बिंदू. त्याहून बऱ्या फ्रेमवर १२८० गुणिले ८००. म्हणजे दहा लाखांवर. सात इंचाला पहिला आकडा चालतो, दहा इंचाला दुसरा हवा. पण आकड्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पडदा बाजूने कसा दिसतो. आपल्या ओटीवर माणसे फ्रेमच्या नेमकी समोर बसत नाहीत. कुणी झोपाळ्यावर, कुणी दाराच्या उंबऱ्यावर, कुणी खाली जमिनीवर. काही स्वस्त पडदे खालून किंवा बाजूने पाहिले की काळपट होतात, रंग उलटेपालटे दिसतात. आयपीएस म्हणतात त्या जातीच्या पडद्यात हा दोष फार कमी असतो. दुकानात उभे राहून समोरून पाहू नये. खाली वाकून, बाजूला सरकून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

तिसरी गोष्ट आकाराची. मोबाइलचे फोटो बहुधा चारास तीन या प्रमाणात असतात आणि फ्रेमचा पडदा त्याहून लांबट. त्यामुळे आडव्या फोटोच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. उभा फोटो तर निम्म्याहूनही कमी पडदा भरतो. पट्ट्या जाव्यात म्हणून 'पडदा भरा' अशी सोय दिलेली असते, पण ती वापरली की फोटोची वरची-खालची बाजू कापली जाते. आमच्याकडे एका फोटोत सबंध कुटुंबाची डोकी गेली होती! काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. डोकी राहणे महत्त्वाचे.

चौथी गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. अशा फ्रेमला बहुधा आत बॅटरी नसते. वीज गेली की ती विझते. वीज जाणे हे आपल्याला नवे नाही. तौक्तेनंतर तर कित्येक दिवस अंधारच होता. तेव्हा दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून पाहावा. वीज आल्यावर फोटो आपोआप सुरू झाले तर उत्तम. काही फ्रेम तशा सुरू होत नाहीत. बटणांची यादी दाखवून उभ्या राहतात, आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी शिकलेले घरी येईपर्यंत तीच यादी पाहत बसावे लागते. खारी हवा हा दुसरा शत्रू. खिडकीजवळ, समुद्राच्या वाऱ्यात फ्रेम ठेवली तर खाचा आणि पिना गंजतात. आतल्या भिंतीला, उन्हापासून दूर ठेवावी. विजेच्या खर्चाची मात्र भीती नको. आठ वॉटची फ्रेम रोज चौदा तास चालली तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आतच जाते. रात्री आपोआप बंद होण्याची सोय असेल तर तीही लावावी.

हे सर्व पाहूनही मी म्हणेन की आधी घरातला टी.व्ही. पाहा. आताच्या बहुतेक टी.व्ही.ना पेनड्राइव्हची खाच असते आणि त्यावर फोटो दिसतात. महिनाभर तसे करून पाहावे. घरात कुणी पाहतच नसेल, तर फ्रेमवर पैसे घालण्यात अर्थ नाही. जुना मोबाइल किंवा टॅबही भिंतीला उभा करता येतो. फक्त तो रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवू नये, कारण अशाने त्याची बॅटरी फुगण्याचा धोका असतो.

आता फ्रेम कशी वापरायची, हा खरा भाग. चतुर्थी आटोपून चाकरमानी परत गेल्यावर मी कार्ड काढले आणि आजीला शेजारी बसवले. कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या संगणकावर फोटो आधीच लहान करून आणले होते. मोबाइलचा फोटो एक कोटी वीस लाख बिंदूंचा, फ्रेमचा पडदा दहा लाखांचा. बाकीचे बिंदू फ्रेमच्या दृष्टीने फुकटच. लहान केलेला फोटो पडद्यावर तसाच दिसतो आणि चटकन उघडतो. मूळ मोठा फोटो मात्र पुसायचा नाही. तो दोन ठिकाणी वेगळा जपून ठेवायचा. आयफोनचे काही फोटो वेगळ्या प्रकारचे असतात, ते पुष्कळ फ्रेमना वाचताच येत नाहीत. ते जेपेग करून घ्यावे लागतात. काही फोटो मोबाइलवर उभे आणि फ्रेमवर आडवे झोपलेले दिसतात. ते फिरवून पुन्हा साठवावे लागतात. कार्ड बत्तीस जीबीपर्यंतचे घ्यावे. त्याहून मोठ्या कार्डांची मांडणी वेगळी असते आणि जुन्या फ्रेमना ती कळत नाही. एवढे तांत्रिक ज्ञान पुरे.

मग आजी आणि मी निवडायला बसलो. मी एकेक फोटो दाखवी आणि आजी 'ठेय' किंवा 'नको' म्हणे. नऊशेतले चाळीस राहिले. प्रत्येकाला तीस सेकंद दिले. म्हणजे वीस मिनिटांत सगळे गोतावळ्यासारखे एकदा भेटून जातात. आणि आजोबांचा फोटो मी एकदा न ठेवता चार जागी ठेवला, म्हणजे दर पाच मिनिटांनी ते येतात. एस.टी.च्या वेळापत्रकाहून बरे, असे वडील म्हणाले.

पण खरी गोष्ट निवडताना घडली. घरातल्या जुन्या अल्बममधून काही फोटो मी मोबाइलवर उतरवले. त्याची रीत सोपी आहे. फोटो काचेतून काढता येत असेल तरच काढावा, दारात सावलीच्या उजेडात सपाट ठेवावा, फ्लॅश लावू नये, आणि मोबाइल बरोबर वर समांतर धरावा, म्हणजे ट्यूबलाइटचा प्रसंग टळतो. हे करताना माझ्या ध्यानात आले की आमच्या घरात पुरुषांचे एकेकट्याचे फोटो आहेत. नोकरीच्या निमित्ताने, पासासाठी, स्टुडिओत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून काढलेले. आजीचा एकटीचा फोटो एकही नाही. ती आहे ती लग्नाच्या घोळक्यात, बारशाच्या गर्दीत, मागच्या रांगेत, निम्मा चेहरा कुणाच्यातरी खांद्याआड. आणि पणजीचा तर कसलाच फोटो नाही. ती कशी दिसत होती, हे ठाऊक असणारी घरात आता एकटी आजी आहे.

मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली होती. युरोपात ही विद्या जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. त्या संस्थेत डॉ. नारायण दाजींसारखे आपले लोक होते; ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, आणि भाऊ दाजी मूळचे मांद्र्याचे, म्हणजे आपल्या तेरेखोल खाडीच्या पलीकडचे. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या. म्हणजे छायाचित्राची विद्या आपल्या मुलखाच्या इतक्या जवळ, इतक्या लवकर आली. देवीची तसबीर घरोघर लागली. पण त्या देवीपुढे रोज दिवा लावणाऱ्या बाईचा फोटो काढावा, असे आमच्या घरात कुणाला वाटले नाही. १९७५ साली अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या कोडॅकच्या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याचे चित्र दहा हजार बिंदूंचे होते. आज प्रत्येकाच्या खिशात त्याच्या हजारपट बारकाईचा कॅमेरा आहे. आणि तरीही आमच्या नऊशे फोटोंत आजीचे सहाच निघाले. त्यांतल्या तिघांत ती हात आडवा धरून "माझो नको" म्हणत आहे.

साधनाच्या अभावी माणसे फोटोतून गळत होती, असा माझा समज होता. आता तो राहिला नाही. मी त्याच आठवड्यात आजीला खळ्यात, तुळशीजवळ बसवले आणि तिचा फोटो काढला. हात आडवा येऊ दिला नाही. तो चाळीसात एकेचाळीसावा झाला.

आता काही आक्षेप. पहिला काकांचाच. पुढच्या वेळी ते आले आणि आपल्या मुलांचे बहुतेक फोटो गायब पाहून त्यांना राग आला. "मी आणलेल्या फ्रेममधून माझीच मुले काढलीस?" ते म्हणाले. त्यांचे दुखणे खोटे नव्हते. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला आपली मुले आजीच्या डोळ्यांसमोर रोज असावीत असे वाटणारच. मला उत्तर सुचेना. शेवटी आजीनेच तोड काढली. प्रत्येक नातवंडाचा एक फोटो, पण वर्षाला नवा. जुना काढून कार्डाच्या दुसऱ्या कप्प्यात. नवा कोणता, ते त्या नातवंडाने स्वतः निवडून पाठवायचे. तेव्हापासून डोंबिवलीची मुले दर चतुर्थीपूर्वी एकेक फोटो निवडतात, आणि काका म्हणतात की निवडताना घरात भांडणे होतात. मला वाटते, तेवढ्या वेळापुरती तरी ती आजीचा विचार करतात.

दुसरा आक्षेप आमच्या एका प्राध्यापकांचा. ते म्हणाले, "हे सारे करण्यापेक्षा फोटो छापून भिंतीवर लाव. त्याला ना वीज, ना कार्ड." त्यांचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. विजेवर चालणारी वस्तू पाच-दहा वर्षांची सोबती. जपून ठेवलेला कागद पिढ्या पाहतो. सिंधुदुर्ग किल्ल्यात महाराजांच्या हातापायाचे म्हणून जे ठसे दाखवतात, ते चुन्यातले आहेत; शतके गेली तरी टिकले, आणि ते पाहायला बटण दाबावे लागत नाही. म्हणून आम्ही आजोबांचा तो ट्यूबलाइटचा फोटो छापून, मध्ये किनार घालून, नव्या तसबिरीत पुन्हा भिंतीवर लावला आहे. पण आपल्या किनाऱ्यावर कागदालाही बुरशी आहे, वाळवी आहे, कसर आहे आणि वादळ आहे. आमचा कागद गेला आणि मोबाइलमधला फोटो राहिला, हा अनुभव मी कसा विसरू? म्हणून माझ्या मते दोन्ही हवीत: जे चेहरे जायला नकोत ते कागदावर, आणि जे चेहरे भिंतीवर कधी चढलेच नाहीत ते फ्रेममध्ये.

तिसरा आक्षेप मीच घेते. फ्रेममुळे आपण भेटी टाळायला लागू का? फोटो पाठवला की आपले कर्तव्य झाले, असे मुंबईकरांना वाटेल का? वाटू शकते. पण ते पत्राच्या काळीही वाटू शकत होते आणि मनीऑर्डरीच्या काळीही. दोष पाठवण्यात नाही. पाठवलेले पाहणाऱ्याशेजारी कुणी बसत नाही, हा दोष आहे. आजीला फ्रेम आवडू लागली ती फोटो कमी केल्यावर, हे खरे. पण त्याहून ती आवडली निवडायला मी शेजारी बसले तेव्हा. त्या चार दुपारी तिने मला जितकी माणसे सांगितली, तितकी एरवी चार वर्षांत सांगितली नसती. "ह्यो कोणाचो झील?" असे मी विचारायचे आणि ती सुरू व्हायची.

आणि म्हणून शेवटी एक सूचना, आपल्या सर्वांसाठी आणि गुरुजनांसाठी. फोटो राहतो, पण नाव जाते. अल्बममधली निम्मी माणसे आज आजीलाच ओळखता येतात. ती गेली की ते फोटो नुसते अनोळखी माणसांचे फोटो होतील. आम्ही प्रत्येक फोटोच्या खाली संगणकावर एक पांढरी पट्टी जोडून तिच्यावर नाव, गाव आणि कळले तर साल लिहिले. फ्रेमवर ती पट्टी फोटोबरोबरच दिसते. हे काम सोपे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण ते करायची मुदत आहे, आणि ती मुदत आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो. एक वर्ष आपण घरोघर जाऊन जुने फोटो दारातल्या उजेडात उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाखाली नाव लिहून घ्यावे, असे मला वाटते. घरच्यांची परवानगी असेल तेवढेच फोटो घ्यावेत. मूळ फोटो त्यांच्याच घरी राहू द्यावा. रापणीचे, जत्रेचे, दशावताराचे, जुन्या होड्यांचे, शाळेच्या वर्गांचे किती फोटो पेट्यांत कुजत पडले असतील! त्यांतले निवडक चाळीस, चाळीसच, एका साध्या, कार्डावर चालणाऱ्या फ्रेममध्ये घालून ग्रंथालयाच्या दाराशी ठेवता येतील. दर सत्राला नवे चाळीस. आणि छापून काढलेला एक संच कपाटात.

असो. मागच्या रविवारी मी अभ्यासाचे पुस्तक घेऊन ओटीवर बसले होते. फ्रेमवर आजीचा तुळशीजवळचा फोटो आला. आजीने तो पुरते तीस सेकंद पाहिला आणि म्हणाली, "ही कोण गे? आवशीसारखी दिसता माझ्या."

म्हणजे पणजी दिसायला कशी होती, ते मला त्या दिवशी कळले. मी पुस्तक मिटले आणि त्या फोटोच्या पट्टीवर आजीच्या नावाखाली पणजीचेही नाव लिहिले.